दोन लॉक आणि एक रिसेट

एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवतो तो हायपरव्हायजर. लिनक्समधला केव्हीएम हा असाच एक हायपरव्हायजर; 2007 पासून तो कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. त्याच्या लेखी प्रत्येक आभासी प्रोसेसर म्हणजे एक थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे एक काम), आणि चालू असेपर्यंत हा थ्रेड आपल्या प्रोसेसरचे लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच घेता येणारे कुलूप, धरून असतो. अख्ख्या आभासी मशीनचे लॉक वेगळे. नियम असा, की दोन्ही हवी असतील तर आधी मशीनचे घ्यायचे, मग प्रोसेसरचे.

एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर नेमका हाच नियम मोडत होता. आभासी मशीन सुरू होताना पहिला प्रोसेसर 'सीपीयू ऑन' अशी हाक देऊन दुसऱ्याला उठवतो. उठणाऱ्याची रजिस्टरे (प्रोसेसरमधल्या मूल्ये ठेवायच्या छोट्या जागा) रिसेट करून, मेमरीतल्या कुठल्या पत्त्यापासून चालायचे ते त्याला सांगावे लागते. दोघांनी एकाच वेळी एकालाच उठवू नये म्हणून इथे मशीनचे लॉक घेतले जाई. पण हाक देणाऱ्याच्या हातात स्वतःचे लॉक आधीपासूनच असते! आता समजा, दुसऱ्या एखाद्या थ्रेडने नियमाप्रमाणे मशीनचे लॉक घेतले आणि तो या प्रोसेसरच्या लॉकसाठी थांबला. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसणार, कायमचे. हाच डेडलॉक. एरर येत नाही, काही कोसळत नाही, मशीन नुसते गोठते. म्हणूनच हा दोष मला इतर दोषांपेक्षा जास्त घातक वाटतो.

लिनक्समध्ये 2006 पासून लॉकडेप नावाचा पहारेकरी आहे. कोणते लॉक कोणत्या क्रमाने घेतले गेले याची तो नोंद ठेवतो आणि क्रम उलटा दिसला, की डेडलॉक प्रत्यक्ष झालेला नसला तरी इशारा देतो.

एआरएमच्या केव्हीएममध्ये हा क्रम अगदी पहिल्यापासून उलटा होता. दुरुस्ती 2023 मध्ये झाली. प्रत्येक आभासी प्रोसेसरला आणखी एक छोटे लॉक दिले गेले. हाक देणारा ते घेऊन रिसेटची चिठ्ठी ठेवतो. उठणारा तेच लॉक घेऊन चिठ्ठीची प्रत काढतो, 'मिळाली' अशी खूण करतो, लॉक सोडतो आणि मग स्वतःच स्वतःला रिसेट करतो.

त्यातही एक मेख आहे. रिसेटच्या वेळी आभासी प्रोसेसरची काही रजिस्टरे खऱ्या प्रोसेसरवर चढलेली असू शकतात. ती आधी उतरवून मेमरीत आणावी लागतात, नवी मूल्ये तिथे लिहून पुन्हा चढवावी लागतात, आणि एवढा वेळ थ्रेडला मध्येच बाजूला सारण्याची कर्नललाही मुभा नसते.