ऊसतोड कुटुंबं आणि मुलांचं मन

दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी पट्ट्यातून कुटुंबंच्या कुटुंबं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, याला ऊसतोड म्हणतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही आणि दरवर्षी तोच प्रश्न, पोरांचं काय करायचं. शाळा बुडते हे सगळे बोलतात, पोरांच्या मनाचं कोणी फारसं काढत नाही.

सोबत नेलं तर आईबाप अंधारातच उसाच्या फडात, पोरं कोपीवर म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन भाकरी थापते. लोक कौतुकानं म्हणतात पोरगी लवकर शहाणी झाली. मानसशास्त्र याला मुलावर पालकपण लादलं जाणं म्हणतं, अशी मुलं सगळ्यांचं बघतात पण स्वतःला काही होत असेल तर बोलत नाहीत. मुलगी वयात आली की आणखी वेगळी भीती, तिला ना फडावर सुरक्षित वाटतं ना गावात एकटी ठेवता येत, मग लग्नच उरकून टाकतात.

मागे ठेवलं तर पोरं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. अशा मुलांचं दुःख बऱ्याचदा अंगातून बाहेर पडतं, पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, वर्गात एकदम गप्प नाहीतर उगाच मारामाऱ्या. आणि आपल्याकडे पोटदुखी म्हटलं की जंताची गोळी!

पण आईबाप लांब गेले म्हणजे पोर बिघडणारच असंही नाही. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला, त्यात गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं आजारपण असं सगळं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली सावरलेली निघाली, आणि त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की जीव लावणारं एक तरी मोठं माणूस कायम जवळ होतं, कधी आजी, कधी मावशी. म्हणून आजी धडधाकट आहे का, की तिचंच कोणी बघायला हवंय, यावर इथं खूप काही ठरतं. वसतिगृहातही ताटात काय पडतं याच्याइतकंच रात्री रडणाऱ्या पोराजवळ कोण बसतं हे महत्त्वाचं.

अगदी लहान मुलांचं वेगळं असतं. आईपासून तुटलेलं मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं आणि शेवटी अलिप्त, हे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1950 च्या दशकात इस्पितळात ठेवलेल्या मुलांमध्ये नोंदवलं. एप्रिलमध्ये गाडी गावात येते, आई हात पसरते, आणि दोन वर्षांचं पोर आजीच्या पदराआड लपतं.