थर दिसले म्हणजे गाळाचा खडक नव्हे

सीताबर्डीची टेकडी पाण्याखालच्या गाळातून तयार झाली, कारण तिथल्या दगडात थर दिसतात, असं नागपुरात कित्येक वर्षांपासून सांगितलं जातं. हे चूक आहे. टेकडीचा काळा दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला आणि एकावर एक थर चढत गेले.

तुकडा हातात घेऊन बघा. कण इतके बारीक की साध्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. काही तुकड्यांत वायूच्या बुडबुड्यांची गोल भोकं असतात, त्यांत पुढे पांढरी खनिजं भरलेली. पाण्यात साचलेल्या वाळूत अशी भोकं होत नाहीत.

आता कामठीकडचा वालुकाश्म घ्या. तो खरा गाळाचा खडक, बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. त्यात वाळूचे कण स्पष्ट दिसतात आणि प्राचीन वनस्पतींचे ठसेही सापडतात.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या काळात इथे तळी होती, त्यांचा गाळ मध्येच अडकला. नागपुरातल्या टाकळीच्या अशाच थरांतले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासले. पण तो थर पातळ आहे. त्याच्या वरचा-खालचा काळा दगड लाव्हाचाच.