पॉवर कमी झाली? करंट वाढवायच्या आधी पाणी बघा

आमचा हिरवा लेझर वापरणाऱ्या सगळ्या लॅबसाठी हे लिहितोय. मशीनबरोबर मॅन्युअल दिलेलं आहेच आणि ते वाचायचंच आहे, पण आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते "पॉवर पडलीय हो" म्हणून, आणि बहुतेक वेळा फोन करायच्या आधीच कोणीतरी करंट थोडा थोडा वाढवून बघितलेला असतो. ते कृपया करू नका. का, ते नीट सांगतो.

तुमच्या मशीनमध्ये डायोड ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश देतो, तो याग क्रिस्टल शोषून घेतो आणि त्यातून १०६४ चा इन्फ्रारेड निघतो, मग पुढचा क्रिस्टल त्याचा ५३२ चा हिरवा करतो. आता ८०८ चं १०६४ होतानाच कमीत कमी २४ टक्के ऊर्जा उष्णता होऊन क्रिस्टलमध्ये राहते, डायोडची स्वतःची उष्णता वेगळीच, आणि ही सगळी बाहेर काढणारं एकच माणूस आहे तुमच्याकडे, ते म्हणजे चिलर, लेझरमधून थंड पाणी फिरवणारं यंत्र. डायोड एक अंशाने तापला की त्याची वेव्हलेंग्थ साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते. याग ८०८ च्या आसपास अगदी अरुंद पट्ट्यात नीट शोषतो, म्हणजे पाणी पाच अंशांनी गरम झालं की दीड नॅनोमीटर गेला आणि पॉवर पडलीच. अशा वेळी करंट वाढवला तर डायोड अजून तापतो, वेव्हलेंग्थ अजून सरकते, पॉवर काही परत येत नाही आणि डायोडचं आयुष्य मात्र कमी होतं.

त्यामुळे आधी चिलरचं खरं तापमान बघा, सेट केलेलं नाही, खरं. मग फ्लो बघा, फिल्टर बघा, चिलरच्या मागच्या जाळीवर धूळ साचलीय का ते बघा. चिलर भिंतीला चिकटवून ठेवला तर स्वतःचीच गरम हवा परत ओढून घेतो, हे खूप ठिकाणी दिसतं.

पाणी नळाचं अजिबात नको, क्षार बसतात आणि बारीक वाटा बुजतात. पण अतिशुद्ध पाणी पण सरसकट चालत नाही बरं का, ते तांब्याच्या भागांना हळूहळू खातं, म्हणून मॅन्युअलमध्ये जी कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते तो आकडा) दिलीय त्याच मर्यादेत ठेवा. पाईप बदलताना बाजारातून ॲल्युमिनियमचा जोड आणून लावू नका, तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. पारदर्शक पाईप उजेडात असेल तर शेवाळ धरतं, तो झाकून टाका.

आणि "थंड तेवढं चांगलं" हे इथे खरं नाही. खोली ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर साधारण २४ अंशांवर दव धरतं, तुम्ही चिलर २० वर ठेवला तर आत डायोडवर आणि काचांवर पाणी जमणार. पावसाळी हवेत खोली आधी कोरडी करा, मग चिलर लावा. सुरू करताना चिलर पहिला, लेझर नंतर. बंद करताना लेझर पहिला आणि चिलर दहाएक मिनिटं तसाच चालू ठेवून मग बंद, रात्रभर चालू सोडायचा नाही.

एका लॅबमध्ये फ्लोचा इंटरलॉक, म्हणजे पाणी कमी वाहिलं की लेझर आपोआप बंद करणारी सोय, सारखा ट्रिप होत होता म्हणून वायरचा तुकडा लावून तो बायपास केला होता. पंप बंद पडला तेव्हा लेझर थांबवायला काहीच उरलं नव्हतं, डायोड जळला. इंटरलॉक ट्रिप होतोय म्हणजे तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, आम्हाला फोन करा, आम्ही येतो.

आता कॅलिब्रेशन. लेझर चालू करून अर्धा तास जाऊ द्या, लगेच घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. पॉवर मोजायचा मीटर थर्मल, म्हणजे उष्णतेवरून मोजणारा, असेल तर बीम अडवून झीरो करा, एसीचा झोत सेन्सरवर येऊ देऊ नका, हाताची ऊब पण त्याला कळते, आणि आकडा स्थिर व्हायला काही सेकंद द्या. मीटर फोटोडायोडचा असेल तर त्यावर वेव्हलेंग्थ ५३२ सेट आहे ना ते आधी बघा, ही चूक फारच होते. थर्मल मीटर सगळाच प्रकाश मोजतो, म्हणजे हिरव्याबरोबर थोडा १०६४ गळत असेल तर तोही त्यात धरला जातो आणि आकडा उगाच छान दिसतो, म्हणून इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लावूनच मोजा. मीटर स्वतः पण वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर आपण चुकीच्या फुटपट्टीने कापड मोजत बसतो. रीडिंग दरवेळी टेबलावरच्या एकाच जागी घ्या आणि वहीत करंट, पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि पॉवर लिहून ठेवा.

डोळ्यांबद्दल तर कळकळीने सांगतो. ५०० मिलिवॉटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये येतो, त्याचं भिंतीवरून परत आलेलं तेजसुद्धा धोक्याचं असू शकतं. हिरवा दिसतो तरी, १०६४ दिसतच नाही, त्यामुळे पापणीसुद्धा मिटत नाही, आणि तो थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. फक्त हिरव्यासाठीचा गॉगल १०६४ अडवेलच असं नाही, गॉगलवर दोन्ही वेव्हलेंग्थसाठी ओडी (गॉगल तो प्रकाश किती अडवतो तो आकडा) छापलेला आहे ना ते वाचा. अलाइनमेंट कमीत कमी पॉवरवर करा, घड्याळ अंगठी काढून ठेवा, आणि खुर्चीवर बसल्यावर डोळे जिथे येतात त्या उंचीवर बीम नेऊ नका.

फोन कराल तेव्हा वहीतली शेवटच्या महिन्याची पानं समोर ठेवा, पॉवर एकदम पडली का हळूहळू उतरत गेली हे कळलं की अर्धं काम फोनवरच होतं.