उताऱ्याचे आकलन : साहित्य आणि इतिहास

उतारा वाचून त्यातील उघड अर्थ, सूचित अर्थ आणि लिहिणाऱ्याची भूमिका उताऱ्याच्याच आधाराने उलगडणे, यास भाषाशिक्षणात आकलन म्हणतात. वर्गात शिकवलेला उतारा पठित, तर परीक्षेत प्रथमच समोर येणारा अपठित. शब्दार्थ, एका वाक्यात उत्तर, योग्य मथळा, सारांश हे त्यावरील नेहमीचे प्रश्न असून त्यांची तयारी सरावाने होते. कस लागतो तो ‘यावरून काय समजते?’ या प्रश्नाला, कारण त्याचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे लिहिलेले नसते आणि ते बाहेरून आणूनही चालत नाही.

साहित्याच्या उताऱ्यात शब्दांनी काय साधले ते पाहायचे, इतिहासाच्या उताऱ्यात कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले ते. दोन्ही प्रश्न एकाच मजकुराला विचारता येतात. गोव्यातील जवळचे उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील प्रसिद्ध ओवी :

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भाषांमाजी चोखळा । भाषा मराठी ॥

‘हरळ’ म्हणजे बारीक खडा. हा शब्द ठाऊक नसलेला विद्यार्थी हटकून हरळी गवताकडे वळतो आणि गवतात रत्न शोधत बसतो. वास्तविक दुसऱ्या चरणात रत्नांतला हिरा आलेला आहे, म्हणजे कवी दगडाशी दगडच ताडून पाहतो आहे : आधी खड्यांत रत्न, मग रत्नांत हिरा. ही चढण ध्यानात आली की शब्दकोश न उघडताही हरळाचा अर्थ जवळपास हाती लागतो. रसग्रहणाला एवढे पुरते. इतिहासाचा वाचक मात्र येथे थांबत नाही. हा ग्रंथ इंग्लंडहून आलेल्या एका जेझुइट धर्मोपदेशकाने नवख्रिस्ती वाचकांसाठी रचला आणि तो १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच लेखकाचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, तेथेच प्रसिद्ध झाले. तेव्हा पुराणरचनेसाठी त्याला मराठी श्रेष्ठ वाटली, एवढा निष्कर्ष ओवीतून निघतो. त्या काळी गोव्यात घरोघर कोणती भाषा बोलत, हे तिच्यातून सिद्ध होत नाही. गंमत अशी की ही ओवी मराठीच्या आणि कोकणीच्या वादात जितकी फेकली गेली, तितकी वाचली गेली नाही. शिवाय १६१६, १६४९ आणि १६५४ या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नसल्याने एखाद्या ऱ्हस्वदीर्घावर भाषेचे अनुमान उभे करणे धोक्याचे आहे.

ऐतिहासिक उताऱ्यात ओळखीचे शब्दच अधिक फसवतात. ‘गावकरीने बांधाचे काम काढले आणि मानशीच्या मासेमारीचा लिलाव केला’ असे वाक्य नमुन्यादाखल घेतले, तर घाटावरचा वाचक गावातल्या माणसांची गर्दी डोळ्यांसमोर आणील. येथे गावकरी म्हणजे ग्रामसंस्था, पोर्तुगीज अमलात जिला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले ती, आणि गाव वसवणाऱ्या मूळ कुळांचे पुरुषवंशज असलेले गावकार हे तिचे घटक. या संस्थांचे रीतिरिवाज १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदले गेले. पण गावकरीचा हा अर्थ ओळखण्यासाठी फोराल माहीत असण्याची गरज नाही, कारण खूण व्याकरणातच आहे : माणसे अभिप्रेत असती तर ‘गावकऱ्यांनी’ आले असते, ‘गावकरीने’ नव्हे. मानस म्हणजे खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतल्या शेतीच्या, बांधातले, भरतीओहोटीचे पाणी अडवणारे नि सोडणारे दार. हा अर्थ मात्र वाक्यातून निघणार नाही, तो तळटीपेत द्यावाच लागतो.

अलीकडच्या काळावरील उताऱ्यात शब्द कळतात, पण वाचकाचे मत आधीच तयार असते. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. हे आकडे वाचून ‘गोमंतकीयांनी मराठी नाकारली’ असे लिहिणाऱ्याने उत्तर उताऱ्यातून काढलेले नाही, कारण मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हता. ‘गोमंतकीयांनी स्वतंत्र राज्य मागितले’ हेही तितकेच चूक : तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हता आणि घटकराज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी, वीस वर्षांनी मिळाला. ३४,०२१ मतांचा फरक हा निकाल आहे. लोकांनी तसे मत का दिले, हे सांगण्यासाठी त्या काळची भाषणे, पत्रके आणि वृत्तपत्रे असा दुसरा उतारा हाताशी घ्यावा लागतो, आणि तोही विलीनीकरणवाद्याचा की विरोधकाचा हे आधी पाहावे लागते. १९ डिसेंबर १९६१ ची, गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपल्याची घटना एका कागदात ‘मुक्ती’ आणि दुसऱ्यात ‘आक्रमण’ म्हणून येते. तेथे पहिला प्रश्न घटनेविषयी नसून कागद पणजीत लिहिला गेला की लिस्बनमध्ये, हा असतो.