शिराइतो धबधबा (कारुइझावा)

जपानच्या नागानो प्रांतात, कारुइझावा या थंड हवेच्या गावाच्या उत्तरेला रस्त्यालगत असलेला छोटा धबधबा. उंची जेमतेम ३ मी., रुंदी मात्र सुमारे ७० मी. अर्धवर्तुळाकार कड्यातून शेकडो बारीक धारा शेजारीशेजारी उथळ डोहात पडतात. उंच कड्यावरून कोसळणारे पाणी पाहायच्या अपेक्षेने गेलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो.

या धबधब्याच्या माथ्यावर नदी नाही. आसामा ज्वालामुखीच्या (उंची २,५६८ मी.) उतारावर मुरलेले पावसाचे आणि बर्फाचे पाणी सच्छिद्र थरातून झिरपत येते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्यातून कड्याच्या पोटातच बाहेर फुटते. कोकणात जांभ्याच्या सड्याखाली, चिकणमातीच्या थरावरून झरे फुटतात तोच हा प्रकार, फक्त जांभ्याच्या जागी ज्वालामुखीची राख आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड). इथूनच निघणारे युकावा नदीचे पाणी पुढे चिकुमा नदीला मिळते.

पाणी भूगर्भातून येत असल्यामुळे आंबोलीच्या धबधब्यासारखा हा पावसाळ्यापुरता नसतो. मोठा पाऊस झाला तरी तो गढूळ होत नाही की एकदम फुगत नाही. त्यामुळे ‘पावसानंतर जाऊ’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. पाण्याचे तापमान वर्षभर १२° से.च्या आसपास राहते. म्हणून कडाक्याच्या थंडीतही धारा वाहत्या असतात. गोठतात ते कडेच्या गवतावर आणि फांद्यांवर उडालेले तुषार.

तोक्योहून होकुरिकू शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) कारुइझावा स्थानक सव्वा तासाच्या आत येते. स्थानकाच्या उत्तर दारासमोरून सुटणारी बस सुमारे २५ मिनिटांत धबधब्याच्या थांब्यावर सोडते. मोटारीने जाणाऱ्यांना मिकासा ते मिनेनोचाया हा ‘शिराइतो हायलँड वे’ नावाचा सुमारे १० किमी.चा खासगी रस्ता घ्यावा लागतो. त्यावर टोल आहे. धबधबा पाहायला वेगळे तिकीट नाही. वाहनतळापासून ओढ्याच्या काठाने दीडशेएक मीटर चालले की कडा समोर येतो. वाट सोपी असली तरी कायम ओलसर असते, गुळगुळीत तळाची चप्पल नको. वाहनतळापाशी काडीला टोचून मीठ लावून भाजलेला इवाना मासा मिळतो.

भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (१९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा) जपानमध्ये चालतो आणि तिथेही वाहने डावीकडूनच चालतात. घोटाळा होतो तो नकाशात. याच नावाचे धबधबे जपानमध्ये अनेक आहेत. सर्वांत प्रसिद्ध आहे तो फुजी पर्वताच्या पायथ्याचा, सुमारे २० मी. उंचीचा आणि २०१३ पासून जागतिक वारसा स्थळात मोडणारा. तो इथून शंभर किमी.हून अधिक दूर आहे. नुसते ‘शिराइतो’ न टाकता नावापुढे कारुइझावा जोडावे.

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) आणि ऑक्टोबरमधील पानगळीचे रंग, या तीन काळांत वाहनतळ भरतो आणि रस्त्यावर रांग लागते. त्याच रांगेत बसही अडकते, तेव्हा बसने गेल्यास कोंडी चुकेल हा भ्रम ठरतो. सकाळी नऊच्या आत पोहोचणे हाच खरा उपाय. हिवाळ्यात बर्फाचे टायर नसलेली गाडी इथे आणू नये. भाड्याची गाडी घेताना ते बसवलेले आहेत ना, हे आधीच विचारावे.

छायाचित्रासाठी ढगाळ आकाश उत्तम. ऊन पडले की धारा पांढऱ्याफटक होतात आणि मागचे शेवाळ काळे पडते. ट्रायपॉडवर १/४ ते १ सेकंद शटर, आयएसओ १०० आणि ओल्या दगडांची चकाकी मारायला पोलरायझर फिल्टर एवढे पुरते. उंची कमी असल्याने लेन्सवर फारसे पाणी उडत नाही, ही मोठीच सोय. कमानीच्या मध्यावर उभे राहून फोनने पॅनोरामा काढला तर कड्याचा बाक सपाट होऊन भिंत सरळ दिसते. बाक हवा असेल तर एका टोकाला जाऊन तिरपे घ्यावे. गर्दीत ट्रायपॉड वाटेत मांडू नये. १०० ग्रॅम आणि त्यावरील ड्रोनला जपानमध्ये जून २०२२ पासून नोंदणी सक्तीची आहे.

पायी फिरणाऱ्यांसाठी जंगलातून कोसे ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणाकडे उतरणारी वाट आहे. तिच्या खालच्या टोकाजवळ र्‍यूगाएशी हा दुसरा लहान धबधबा लागतो. या जंगलात काळी अस्वले आहेत. घुंगरू किंवा घंटी पाठपिशवीला बांधावी, खाण्याचे उरलेसुरले मागे टाकू नये. आसामा हा जागृत ज्वालामुखी असून ऑगस्ट २०१९ मध्येही त्याचा उद्रेक झाला होता, तेव्हा जपानच्या हवामान खात्याची १ ते ५ अशी इशारा पातळी निघण्यापूर्वी पाहावी. परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर उतरतानाच टिपून घ्यावी. या रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळेल, या भरवशावर राहू नये.