माळव्यात कोळसा नाही: इंदूरच्या विजेची पार्श्वभूमी

इंदूरच्या विजेचा इतिहास सांगायचा तर आधी जमिनीकडे पाहावं लागतं. माळव्याचं पठार बेसाल्टचं. त्याची काळी माती कापसाला आणि गव्हाला उत्तम, पण तिच्याखाली दगडी कोळसा नाही. तो आहे सातपुड्याच्या बाजूला, पाथाखेडा आणि पेंच-कान्हानच्या पट्ट्यात.

म्हणून मी ही हकिकत रेल्वेपासून सुरू करते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं आणि खांडव्याहून इंदूरला मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची रेल्वे आली. खांडव्याची मुख्य लाइन मात्र ब्रॉडगेज, जास्त रुंद रुळांची. तिकडून येणारा जड माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. शहरात वीजपुरवठा सुरू झाला १९०६ साली.

मोठ्या औष्णिक केंद्राला, म्हणजे कोळसा जाळून वाफेवर वीज करणाऱ्या केंद्राला, नुसता कोळसा पुरत नाही. टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं, त्यासाठी भरपूर पाणी हवं. खान आणि सरस्वती या नद्यांचा तेवढा आवाका नव्हे.

तेव्हा वीज दुरूनच यायची होती. १९६० साली चंबळ नदीवर गांधीसागर जलविद्युत केंद्र सुरू झालं, ११५ मेगावॅटचं. (ही चंबळ आपल्या महूजवळच्या जानापावची.) मग १९६७ पासून बैतूल जिल्ह्यात सारणीला ६२.५ मेगावॅटचे पाच संच उभे राहत गेले. कोळसा शेजारच्या पाथाखेड्याचा, पाणी तवा नदी अडवून साठवलेलं. कोळसा वाहून आणण्यापेक्षा वीज तारांवरून आणणं परवडतं, हा हिशेब सारणीत स्पष्ट दिसतो. राख आणि धूर मात्र तिथल्या लोकांच्या वाट्याला आला.

गेल्या दशकात खांडवा जिल्ह्यात मुंदीजवळ संत सिंगाजींच्या नावाचं केंद्र झालं. ६०० मेगावॅटचे दोन आणि ६६० चे दोन संच, एकूण २५२० मेगावॅट. कोळसा इथे मात्र रेल्वेने येतो. पाणी नर्मदेवरच्या इंदिरासागरचं, ज्या जलाशयासाठी २००४ साली हरसूद हे भरलं गाव रिकामं करावं लागलं. हरसूद वगळून सिंगाजीची गोष्ट सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून पंपांनी चढवून इंदूरला येतं, आणि त्या पंपांना अखंड वीज लागते. तिच्यासाठी २०२३ साली महापालिकेने ग्रीन बाँडमधून (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) २४४ कोटी रुपये उभे केले: जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प बांधायला.