पाच माणसे, दहा विधाने, शंभर गुण: वापरकर्ता मूल्यमापनाच्या पद्धतींची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी एखादे ॲप तयार करतात, तेव्हा त्यांच्या प्रकल्प-अहवालात ‘युजर इव्हॅल्युएशन’ नावाचे एक छोटे प्रकरण असते. त्यात बहुधा पाच जणांची चाचणी, दहा विधानांची प्रश्नावली आणि शंभरपैकी एक गुण एवढाच ऐवज असतो. पाचच का आणि दहाच का, असे विचारले की ‘सर, ते स्टँडर्ड आहे’ हे उत्तर ठरलेले. ते चूक नाही, पण अपुरे आहे. हे आकडे विशिष्ट काळी, विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून आले, आणि ती अडचण ठाऊक नसेल तर आपल्या सीमाभागात पद्धत कुठे अडेल हेही कळत नाही.

या विषयाची सुरुवात संगणकाच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिकाच्याच हातून चाके आत ओढली जाऊन पोटावर बसत. दोष अर्थातच वैमानिकावर येई. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा चाकांचा खटका आणि पंखांवरील फ्लॅपचा खटका एकमेकांशेजारी व दिसायला सारखेच असल्याचे त्याच्या ध्यानात आले. चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवावी, म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळेल, असा त्याचा उपाय होता. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या मुलाखती व लेखी हकिगतींमधून ‘वैमानिकाची चूक’ म्हणून गणल्या गेलेल्या ४६० घटना तपासल्या. त्या अहवालाच्या शीर्षकातच हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. कचेरीच्या खिडकीवर ‘तुम्हालाच येत नाही’ हे वाक्य ऐकलेल्या कोणालाही त्या चिन्हांचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

त्यानंतरची तीन दशके मोजमापाची होती. लक्ष्य किती दूर आणि किती लहान आहे, यावरून हात तिथे पोचायला लागणारा वेळ सांगणारा फिट्सचा नियम १९५४ चा आहे. बेल प्रयोगशाळेत फोनच्या बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून वापरून घेऊन मग आजची मांडणी ठरली. १९६७ मध्ये डग्लस एंगेलबार्टच्या गटाने माउसची तुलना लाइट पेन, जॉयस्टिक आणि चक्क गुडघ्याने चालवायच्या साधनाशी केली. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी माउसला फिट्सचा नियम लावून दाखवला. १९८२ मध्ये मेरीलँडमधील गेदर्सबर्ग येथे या विषयाची परिषद भरली आणि १९८३ पासून माणूस आणि संगणक यांच्या संवादावरची ‘काय’ (CHI) ही वार्षिक परिषद सुरू झाली.

सेकंद मोजून माणूस कुठे अडखळला ते कळते, का अडखळला ते कळत नाही. त्यासाठी आयबीएममधील क्लेटन लुईस यांनी १९८२ च्या सुमारास ‘थिंक अलाउड’ ही पद्धत संगणकाच्या क्षेत्रात आणली: काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. तिचा सैद्धांतिक आधार अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांच्या मांडणीत होता. मनात शब्दरूपातच असलेले बोलून दाखवल्याने विचाराची दिशा बदलत नाही, पण कारणमीमांसा करायला लावली की बदलते, असे ते सांगतात. बेळगावात इथेच पहिली अडचण येते. पडद्यावरचा मजकूर कन्नड, बटणांची नावे इंग्रजी, मनातला हिशेब मराठी आणि समोर टिपणे घेणारा विद्यार्थी कॉलेजच्या सवयीने इंग्रजीत विचारणारा. अशा वेळी माणूस विचार बोलून दाखवत नाही, त्याचे भाषांतर करतो. ‘ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोला’ ही सूचना आधी द्यावी आणि ध्वनिमुद्रण भाषांतर न करता, मिसळलेल्या भाषेसकट जसेच्या तसे उतरवून घ्यावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

दुसरी वाट झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून आली. मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी कंपनीचे नवे कॉपी यंत्र दोघा जणांना एकत्र वापरायला दिले आणि त्याचे चित्रीकरण केले. त्या चित्रफितीत यंत्रापुढे हतबल झालेले दोघेजण नामवंत संगणकशास्त्रज्ञ होते. त्यामुळे ‘शिकलेल्या माणसाला जमते’ ही सबब तिथेच संपली. दोघे असले की बोलणे आपोआप होते, मुद्दाम ‘विचार बोला’ म्हणावे लागत नाही. तालुक्याच्या कचेरीत एकटा माणूस क्वचितच येतो, शेजारी नाहीतर पुतण्या बरोबर असतोच. तरीही आपले विद्यार्थी एकेकट्याला वेगळ्या खोलीत बसवतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता त्या पाच माणसांकडे वळू. १९८० च्या दशकाअखेर कंपन्यांना प्रयोगशाळेतील चाचणी महाग वाटू लागली, तेव्हा याकोब निल्सन यांनी ‘स्वस्तातल्या’ पद्धतींचा पुरस्कार केला. १९९० मध्ये त्यांनी रोल्फ मोलिश यांच्यासह तज्ज्ञांनी ठरावीक निकषांवर पडदे तपासण्याची पद्धत मांडली. १९९३ मध्ये थॉमस लँडॉवर यांच्यासह त्यांनी गणित दिले: एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होत असतील, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. मूळ हेतू असा की पाच जणांवर तपासा, दुरुस्त करा आणि पुन्हा पाच जणांवर तपासा. आपल्याकडे पहिले पाच तेवढे पोचले, पुनःपुन्हा तपासणे वाटेत राहिले. शिवाय ८५ ही सरासरी आहे. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये दाखवले की पाचांचा एखादा गट ९९ टक्के दोष शोधतो, तर दुसरा जेमतेम ५५ टक्के. मोलिश यांच्याच पुढाकाराने झालेल्या एका तुलनेत नऊ चमूंनी एकाच संकेतस्थळाची तपासणी केली, तेव्हा सापडलेल्या ३१० दोषांपैकी तीन चतुर्थांश दोष फक्त एकेका चमूलाच दिसले होते.

दहा विधानांची प्रश्नावली म्हणजे ‘सस’ (SUS, सिस्टिम युजेबिलिटी स्केल). जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना तयार केली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिला ‘झटपट आणि ओबडधोबड’ असे विशेषण त्यांनी स्वतःच लावले होते. विषम क्रमांकांची विधाने अनुकूल, सम क्रमांकांची प्रतिकूल. प्रत्येकावर १ ते ५ पैकी एक खूण. विषम विधानाच्या गुणातून १ वजा करायचा, सम विधानाचा गुण ५ मधून वजा करायचा आणि बेरजेला अडीचने गुणायचे.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका गावात बचत गटाच्या हिशेबाच्या ॲपची चाचणी पाहण्याचा योग आला. चाचणी घेणारी मुलगी त्याच भागातली होती. गटातील एक मावशी हप्त्याची नोंद करताना तीनदा मागच्या पानावर गेल्या, शेवटी नोंद न करताच फोन परत देत म्हणाल्या, ‘बरं हाय की गं पोरी, काय वाईट न्हाई.’ मग प्रश्नावली आली आणि त्यांनी दहाही विधानांवर ५ सांगितले. ‘हे वापरायला सोपे वाटले’ यालाही ५, ‘हे विनाकारण किचकट वाटले’ यालाही ५. गणित केले की विषम विधानांचे २०, सम विधानांचे शून्य, आणि गुण बरोबर ५०. कोष्टकात तो ‘मध्यम’ म्हणून बसला. मावशींचे मत मात्र मध्यम नव्हते. लेकीच्या वयाच्या मुलीला नाही म्हणायचे नाही, एवढेच त्यांचे मत होते.

दोष एकट्या भिडेचा नव्हता, भाषांतराचाही होता. मूळ इंग्रजी प्रश्नावलीत दुसरे विधान गुंतागुंतीविषयी आहे आणि आठवे वापरताना होणाऱ्या जडपणाविषयी. विद्यार्थ्यांनी दोन्हीकडे ‘किचकट’ हाच शब्द ठेवला होता, त्यामुळे दहा विधानांची प्रत्यक्षात नऊच उरली. आठव्या विधानातला तो इंग्रजी शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना उमगत नाही, हे क्रेग फिन्स्टॅड यांनी २००६ मध्येच दाखवले होते. त्या जागी मी ‘वापरताना कटकट होते’ असे सुचवले, कारण मावशींच्या तोंडी तोच शब्द होता.

मोजमापाची एककेही अशीच परक्या मातीतली असतात. टंकलेखनाचा वेग मोजताना पाच अक्षरांचा एक शब्द धरण्याचा संकेत इंग्रजी टाइपरायटरचा आहे. ‘लक्ष्मी’ लिहिताना युनिकोडमध्ये सात चिन्हे लागतात, वाचणाऱ्याला मात्र दोनच अक्षरे दिसतात. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ मध्ये आलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक व्यंजनाभोवती मात्रांचे चक्र उघडतो. असा कळफलक तपासायचा तर वेग अक्षरांत मोजायचा की चिन्हांत, हे आधी ठरवावेच लागते.

भिडेचा मुद्दा संशोधनात मोजला गेला तो आपल्याच राज्याच्या राजधानीत. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळूरमध्ये ४५० मुलाखती घेतल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन वस्तू अगदी सारख्या असल्या, तरी मुलाखत घेणाऱ्याने बनवलेली म्हणून वाटणारी वस्तू पसंत पडण्याची शक्यता सुमारे अडीच पट निघाली. प्रश्न विचारणारा परदेशी असून दुभाषी लागत असेल, तर ती पाच पट झाली. त्याची वस्तू मुद्दाम उघडउघड खराब केली तरी लोक तिलाच पसंती देत राहिले. खानापूरच्या त्या चाचणीत ॲप करणारी आणि प्रश्न विचारणारी मुलगी एकच होती. पुढच्या खेपेस दोन चमूंनी ॲप आपसांत बदलून घ्यावेत आणि परक्याचेच ॲप तपासावे, असे ठरले. तेव्हा निदान तक्रारी ऐकू येऊ लागल्या.

वापरकर्ता नेमका कोण, हा प्रश्नही बंगळूरच्याच अभ्यासाने पुढे आणला. नित्या संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिथल्या वस्त्यांमध्ये दुसऱ्याच्या हातून यंत्र वापरणाऱ्यांचे निरीक्षण मांडले. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ प्रकल्पाने जमिनीचे हस्तलिखित दप्तर संगणकावर आणले, तेव्हापासून उतारा खिडकीवरच्या माणसाकडून छापून मिळतो, आणि तो कन्नडमध्ये असतो. ज्याला कन्नड वाचता येत नाही असा मराठी शेतकरी तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो, दुकानातला मुलगा सर्व्हे क्रमांक व क्षेत्र वाचून दाखवतो आणि शेतकरी मान डोलावतो. पडदा हाताळणारा एक, छापलेले वाचणारा दुसरा आणि जमीन तिसऱ्याची. चाचणीसाठी पाच माणसे निवडताना यांपैकी कोणाला बसवायचे, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावे, अशी अट आता मी घालतो.